कडी लावलेले सात रुपये

हदगावच्या एस्टी स्टँडवर माय आमच्याकडं पाठ करून बसली होती. नांदेडची गाडी लागायला वेळ होता. बा चौकशीच्या खिडकीपाशी उभा होता, मिलिंद माझ्या मांडीवर डोकं टाकून पडलेला. सामान म्हणजे एक वळकटी, दोन जर्मनच्या डेगच्या, एक कोयता आणि बाचं फावडं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. स्टँडवर आमच्यासारखी बरीच घरं वळकट्या घेऊन बसली होती. कुणी निजामाबादला चाललेलं, कुणी पुण्याला, कुणाला अजून ठरवायचंच होतं. रडत कुणीच नव्हतं. रडणं आधीच होऊन गेलेलं होतं.

मायचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मांडी रिकामी होती. महिन्याभरापूर्वीपर्यंत त्या मांडीवर माझी धाकटी बहीण पमी असायची. मी, सुमन, तेव्हा दहा वर्षांची, धाकटा भाऊ मिलिंद पाचाचा.

गाडी आली. बा म्हणाला, "चला, उठा." माय उठली, पण त्याच्याकडं न बघता. नांदेड आलं, तिथं गाडी बदलली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, रेणापूरला मामा गाडीत चढला आणि तिथून पुढं लातूरपर्यंत बोलला तो एकटाच. माय दिवसभरात एक शब्द बोलली नाही. बाच्या कमरेला, सदऱ्याच्या आत, एक फडकं बांधलेलं होतं. त्यात चांदीचे सात रुपये होते. ती बोलत नव्हती ती त्या रुपयांवरून.

मिलिंद, हे मी तुझ्यासाठी लिहून ठेवतेय, आणि गावात राहिलेल्या आपल्या चुलतभावासाठी, रमेशदादासाठी. तुम्ही दोघं ही गोष्ट लोकांना सांगता. तू पुण्यात सोसायटीतल्या लोकांना सांगतोस, दादा गावात पाहुण्यांना सांगतो. आमच्या घराण्यात निजामाच्या काळातले रुपये आहेत, दुष्काळात पोटाला नव्हतं तरी बानं ते मोडले नाहीत, अशी ती गोष्ट. ऐकणारे माना हलवतात. मीही कितीतरी वर्षं असंच सांगत होते. त्यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आता फक्त मला ठाऊक आहे, आणि मी थकले आहे. माझ्यानंतर ते कुणाला ठाऊक राहणार नाही.

आपलं घर तुला आठवत नसेल. कयाधू नदीच्या बाजूला, गावाच्या खालच्या अंगाला, दोन खणांचं मातीचं घर. मधोमध बाभळीची मेढ. दुष्काळ सुरू झाला त्या वर्षी त्या मेढीला बुडातून वाळवी लागली. बा म्हणाला, आता पाऊस नाही तर नाही, पण आला तर घर अंगावर यायचं. म्हणून त्यानं आढ्याला टेकू दिला आणि मेढीचं बूड उकरायला घेतलं. हातभर खाली पहार ठण्ण वाजली. बाला वाटलं दगड असेल. मातीनं भरलेला पितळेचा एक गडू निघाला. त्यातली माती मायनं परातीत पालथी केली, तेव्हा त्यातून रुपये पडले. काळे पडलेले. एका बाजूला चार मिनार आणि दुसऱ्या बाजूला उर्दू अक्षरं. प्रत्येकाला वरच्या अंगाला बारीक कडी डाग देऊन बसवलेली. दोन कड्यांत कुजलेल्या दोऱ्याचे तुकडेसुद्धा होते.

बानं दार लावून घेतलं. आपल्या घरात चांदी निघणं ही आनंदापेक्षा भीतीची गोष्ट होती. तो सखूआजीला बोलावून आला. सखूआजी म्हणजे बाची चुलत आजी, आपल्या बौद्धवाड्यातली सगळ्यात जुनी बाई. तिनं रुपये डोळ्यांजवळ नेले आणि खाली बसली.

"गयाची माळ हाय ही," ती म्हणाली. "तुझ्या आजीची. रेल्वेचं रूळ टाकायच्या कामावर गेलती नवऱ्यासंगं. तिथं मजुरीत मिळाले ते मोडलेच न्हाईत तिनं. नांदेडात कड्या लावून घेतल्या."

"मंग गळ्यात कवा दिसली न्हाई?" बानं विचारलं.

"गावात कशी घालील? आपल्या बायांनी चांदी घालायची तवा सोय व्हती का? दार लावून घरात घालायची. भाकरी थापायची माळ घालून. मी पाह्यलंय की."

पणजीबद्दल मला एवढंच माहीत आहे. दार लावून चुलीपुढं बसलेली, गळ्यात रुपयांची माळ घातलेली बाई. पुढं कधीतरी तिनं ती माळ सोडून गडूत घातली आणि मेढीखाली पुरली. का, ते कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले सगळे देव नदीत सोडले, पण मेढीखाली काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी माय हसली होती. तिनं चिंचेनं रुपये घासले, कड्या-दोरे तसेच राहू दिले, पदरावर मांडले, आणि पमीच्या पोटावर एकेक ठेवून तिला खेळवत बसली. मायनं रुपयांना आपणहून हात लावल्याचं मला आठवतं ते तेवढंच. एकदा आणखी लावला, पण तो वेगळ्या कारणानं.

मग दुसरं वर्षही कोरडं गेलं. विहिरींना तळ दिसला, गुरं कसायाला गेली, आणि आपण दुष्काळी कामावर गेलो. पाझर तलावाचं काम होतं. बा खोदायचा, माय टोपल्या वाहायची, मी पमीला बाभळीखाली झोळीत हलवत बसायची. मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, लाल भाकर आणि कामावर वाटायची ती सुकडी, हेच खाणं. पाणी टँकरचं. टँकर आला की लोक त्याच्यामागं पळायचे, कारण पाणी खड्ड्यात ओतायचे आणि पहिलं पाणी जरा तरी स्वच्छ असायचं.

पमीला हगवण लागली. पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही, सगळ्यांच्याच पोरांना लागायची. तिसऱ्या दिवशी तिची टाळू खोल गेली आणि रडताना डोळ्यांतून पाणी येईना. माय बाला म्हणाली, "रुपये मोडा. हिला नांदेडला नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू."

बा लगेच निघाला. हदगावच्या बाजाराचा दिवस होता. चालत गेला, आणि दुपार कलताना चालत परत आला. फडकं कमरेलाच होतं. माय कामावरून उठून त्याच्याकडं धावत गेली. तो कामाच्या कडेला उभा होता, घामानं निथळत. त्यानं तिच्याकडं न बघता सांगितलं, "आजीची वस्तू हाय. इकायची न्हाई."

मायनं का, ते विचारलं नाही. मग वळली आणि पमीला खांद्यावर टाकून एकटीच चालत हदगावच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथं त्यांनी जे होतं ते दिलं. पमी दोन दिवसांनी गेली. तलावाच्या कामापासून थोडं दूर, पळसाच्या झाडाजवळ तिला पुरली. माय त्याच दिवशी दुपारनंतर टोपली घेऊन उभी राहिली, कारण हजेरी चुकली तर मुकादम नाव काढायचा.

मी पुढं नर्स झाले. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली निम्मी मुलांच्या वॉर्डात. खोल गेलेली टाळू मी हाताला लागताच ओळखते. मीठ, साखर आणि उकळून गार केलेलं पाणी चमच्या-चमच्यानं पाजून मी किती लेकरं परत आणली त्याचा हिशेब नाही. तेव्हा हे आमच्या कुणाला माहीत असतं तर पमीसाठी चांदी मोडायची गरजच पडली नसती. आणि मोडून नांदेडला नेली असती तरी ती वाचली असती का, हेही मला सांगता येत नाही. हे मी मायला कधी बोलले नाही. ज्याचा उपयोग नाही ते बोलून काय करायचं.

लातूरला आलो तेव्हा ते तालुक्याचं गाव होतं. मामानं बाला पाया खोदायच्या कामावर लावलं. रेल्वे स्टेशनाच्या पलीकडं पत्र्याची खोली मिळाली. मायनं बांधकामावर पाणी मारायचं काम धरलं. मला शाळेत पोरी हसायच्या, कारण मी "हो"ला "हाव" म्हणायची. तू लहान होतास, तुझी भाषा सहा महिन्यांत बदलली. माझी अजून पूर्ण बदललेली नाही.

माय हळूहळू बाशी बोलायला लागली. मीठ संपलंय, भाडं द्यायचंय, सुमनच्या वह्या आणायच्यात, असं. भांडण कधी केलं नाही तिनं. फक्त रुपयांची पेटी उघडली की ती खोलीबाहेर जायची. बा वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेला, रुपये काढून पुसायचा आणि आम्हा दोघांना दाखवायचा. "तुमच्या पणजीचे हायत. दुष्काळातबी इकले न्हाईत." तू डोळे मोठे करून ऐकायचास. माय बाहेर नळाच्या रांगेत जाऊन उभी राहायची. नळाला पाणी नसलं तरी.

मग जिल्हा झाला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि गावाचं शहर व्हायला लागलं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांना राहायला घरं पाहिजे झाली. गंजगोलाईच्या मागची जुनी घरं पाडून तिथं स्लॅबची घरं उठायला लागली. बाला रोज काम होतं. मी बारावीत होते आणि मायनं माझ्यासाठी नर्सिंगचा फॉर्म आणून ठेवला होता.

एका वकिलाचं जुनं घर पाडून नवा पाया खोदायचं काम चाललं होतं. वकील म्हातारपणाकडं झुकलेले, उर्दूत शिकलेले, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी. काम एका गुत्तेदाराकडं, म्हणजे ठेकेदाराकडं, होतं आणि खोदायला बा आणि आणखी तिघं. दुपारच्या वेळी बाच्या पहारीखाली तांब्याचा एक हंडा लागला. आत रुपये होते, चांदीचे. बानं काम थांबवलं, तसाच मातीसकट हंडा उचलला आणि शेजारी वकील भाड्यानं राहत होते तिथल्या ओसरीवर नेऊन ठेवला. सगळ्यांदेखत. वकील खूष झाले. बाच्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. आणि बाला काय वाटलं कोण जाणे, अशा पाठीवरल्या हाताची त्याला सवय नव्हती, तो म्हणाला, "आमच्या घरीबी हायत की असे. सात हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुत्तेदार आमच्या दारात उभा. सोबत दोन माणसं, आणि मागं रिक्षात वकील बसलेले.

"किसन, पेटी उघड," गुत्तेदार म्हणाला.

बा चहा पीत होता. कप खाली ठेवताना तो सांडला. "कामून साहेब?"

"हंड्यात जास्त होते म्हणतात लोक. तूच म्हणालास ना घरी आहेत म्हणून? तुझ्या घरी चांदी कुठून आली?"

गल्ली गोळा झाली. मी दप्तर घेऊन दारात उभी होते, पुढं जाता येईना, आत जाता येईना. बा तोंड उघडायचा पण आवाज निघत नव्हता. माझा बा आवाजाचा माणूस होता, पायाच्या खड्ड्यातून हाक मारली तर चौकात ऐकू जायची. त्या दिवशी त्याचे हात नुसते कापत होते. गुत्तेदाराच्या माणसानं पेटी ओढली, उघडली, फडकं सोडलं आणि रुपये गुत्तेदाराच्या हातात दिले.

"हे बघा वकीलसाहेब," तो म्हणाला.

तेव्हा माय पुढं आली. ती भाकरी करत होती, हात पिठाचे होते. तिनं गुत्तेदाराच्या हातातून रुपये घेतले, मागितले नाहीत, घेतले, आणि सरळ रिक्षापाशी गेली.

"साहेब, तुम्ही शिकलेले मानूस. हे बघा. ह्या रुपयाला कड्या हायत. तुमच्या हंड्यातल्या रुपयाला हायत का?"

वकील रुपयांकडं वाकले. गुत्तेदार मागून म्हणाला, "कडी काय, केव्हाही लावता येते."

माय वळली. "काल दुपारी सापडलेल्या रुपयाला रातोरात कडी लागली? अन् लागली ती काळीबी पडली? अन् त्या कडीत दोरा कुजलाबी? हे बघा दोरा." तिचा आवाज चढला होता. "ही माळ हाय. आमच्या घरच्या बाईची. ती गावात घालू देत नव्हते म्हणून पुरली तिनं. हिच्यापायी माझं लेकरू गेलं. अन् तुम्ही मला सांगता चोरीची हाय?"

वकिलांनी खिशातून चष्मा काढला, एक रुपया उन्हात धरला, उलटा केला, बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "यावर चारमिनार आहे. आमच्या हंड्यात चारमिनारवाला एकही नाही. आमचे याच्या फार आधीचे आहेत." ते रिक्षातून उतरले. सातही रुपये त्यांनी मायच्या पिठाच्या हातावर परत ठेवले. "किसनराव, चूक झाली," ते म्हणाले आणि निघून गेले. त्या हंड्याचं पुढं काय झालं, ते मला माहीत नाही.

मायनं रुपये फडक्यात बांधले, पेटीत टाकले, आणि चुलीपुढं जाऊन बसली. तव्यावरची भाकरी करपली होती.

जिंकलो होतो आम्ही, पण बाच्याकडं बघून तसं वाटलं नसतं. तो दोन दिवस जेवला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. मला त्याचा राग आला होता, खरं सांगते. मायनं एवढं केलं आणि हा का असा पडून, असं वाटायचं. त्या गुत्तेदारानं पुन्हा काम दिलं नाही, बाकीच्यांनीही महिनाभर टाळलं. खरं असो खोटं असो, चांदीच्या भानगडीतला माणूस पायावर कशाला, असं त्यांचं. माय दुप्पट राबली. मी त्याच वर्षी नर्सिंगला गेले.

पुढची वर्षं तुला माहीत आहेत. तू इंजिनिअर झालास, पुण्याला गेलास. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती इथं सांगायची नाहीत. मला क्वार्टर मिळालं, माय आणि बा माझ्याकडं आले, नंतर हे घर बांधलं. तुझ्या लग्नात तू सासरच्या लोकांसमोर रुपये मांडलेस आणि ती गोष्ट सांगितलीस. टाळ्या वाजल्या. बा खुर्चीत मान खाली घालून बसला होता. तुला वाटलं तो भारावला.

बा गेला त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी अंगणात उन्हाला बाज टाकून त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होते. माय बाजारात गेली होती. तो डोळे मिटून म्हणाला, "सुमे, मी गेलतो त्या दिवशी."

"कुठं?"

"हदगावला. सोनाराकडं. तुझ्या मायला वाटतं मी गेलोच न्हाई. मन बदललं अन् माघारी आलो. तसं न्हाई. मी दुकानात गेलतो."

मी थेंबाची बाटली खाली ठेवली.

"सोनारानं रुपये हातात घेतले. मला खालून वर बघितलं. म्हनला, कुठला रं तू? मी गाव सांगितलं. मंग वाडा इचारला. ते सांगितलं. मंग म्हनला, तुमच्यात चांदी कुठून आली? कुणाचं घर फोडलं? मी म्हनलं, आजीची हाय, लेकरू बिमार हाय. त्यो म्हनला, थांब हितंच, पाटलाला निरोप धाडतो. अन् मानसाला हाक मारली." बा थांबला. "मी त्याच्या हातातून रुपये ओढले अन् पळालो. भर बाजारातून पळालो गं. मागनं लोक ओरडायले, चोर चोर. माझेच रुपये घेऊन मी चोरासारखा पळालो."

"मग मायला सांगायचं ना बा."

"काय सांगू? ती धावत आली माझ्याकडं. तिला काय सांगू, की तुझा नवरा पळून आला? म्हनून म्हनलं, आजीची वस्तू हाय, इकायची न्हाई. तोंडाला आलं ते बोललो. अन् मंग तेच खरं झालं. समदे तेच म्हनायले. मिल्याबी तेच म्हनतो."

लातूरच्या त्या सकाळी त्याचे हात का कापत होते, भिंतीकडं तोंड करून तो का पडला होता, हे मला इतक्या वर्षांनी त्या बाजेवर कळलं. मी त्याच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधली. दुसरं काही मला करता आलं नाही. तो मायला सांगू नको म्हणाला नाही आणि सांगही म्हणाला नाही.

बा गेल्यावर वर्षभर मी ते पोटात ठेवलं. मग एक दिवस माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. सोनार काय म्हणाला, बा कसा पळाला, सगळं. ती शेंगा सोलत राहिली. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नसेल. एक शेंग, दुसरी शेंग. मग हात थांबले.

"मंग तवाच सांगायचं की," ती म्हणाली. "मी गेले असते."

एवढंच. रडली नाही. शेंग उचलून पुन्हा म्हणाली, "मी गेले असते इकायला. मला काय बोलला असता त्यो सोनार? मी हाललेच नसते तिथून." आणि गल्लीत पिठाच्या हातांनी उभी राहिलेली माझी माय मला आठवली, आणि मला माहीत होतं की ती खरंच हलली नसती. एवढ्या वर्षांचा अबोला, पेटी उघडली की बाहेर निघून जाणं, नळाच्या रिकाम्या रांगेत उभं राहणं, आणि सगळं कशावरून, तर मधे एक वाक्य बोलायचं राहिलं म्हणून. बाला लाज वाटली आणि मायनं विचारलं नाही. त्या दोघांत मला दोषी कुणी सापडत नाही. मी खूप शोधला.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "उन्हातानात पळाला असंल. पायात वहान बी नव्हती त्याच्या." त्यानंतर बाचं नाव ती वेगळ्या आवाजात घ्यायला लागली. ते ऐकायला बा नव्हता. पुढच्या हिवाळ्यात तीही गेली.

ती गेल्यावर मी एक वेडेपणा केला. सातातला एक रुपया पर्समध्ये टाकला आणि सराफ्यात गेले. विकायचा नव्हता. नुसतं जायचं होतं. काचेचं दुकान, एसी, काउंटरवर विशीतली मुलगी, हातात मोबाइल. मी रुपया तिच्यासमोर ठेवला आणि तयारीत उभी राहिले. बासष्ट वर्षांची बाई, पेन्शनर, अंगावर चांगली साडी, आणि छाती धडधडत होती. तिनं रुपया काट्यावर ठेवला, मान वर न करता भाव सांगितला आणि म्हणाली, "मोडायचा का, काकू?"

मी म्हणाले, "नाही. ठेवायचाय." बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसले आणि खूप रडले. पमीसाठी, बासाठी, कुणासाठी ते मला सांगता येणार नाही. तिच्या लेखी ती एक वस्तू होती, आणि मी एक गिऱ्हाईक. तेवढंच बाला पाहिजे होतं.

मिलिंद, तुझ्या लेकीच्या लग्नात रुपये पाहिजेत असं तू फोनवर म्हणालास. ने. चार तू ने, तीन रमेशदादाला दे, माझ्याकडं ठेवून काय करू? पण मांडवात ती जुनी गोष्ट सांगू नकोस. सांगायचीच असेल तर ही सांग. पाहुण्यांसमोर सांगवणार नाही असं वाटलं तर गप्प बस, पण लेकीला घरात बसवून सांग. आपला बाप मोठा मानी होता म्हणून नाही, तर तो घाबरला होता म्हणून रुपये राहिले, हे तिला कळलं तर बाची किंमत कमी होईल असं मला वाटत नाही. मला तो त्या दिवसानंतर जास्त जवळचा झाला.

आणि तू दर फोनला म्हणतोस, ताई, तिथं काय ठेवलंय, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, एकटी राहतेस, ये इकडं. तुझं प्रेम आहे, मला कळतं. तुझ्या नवव्या मजल्यावर मी महिनाभर राहिले, सुनेनं काही कमी पडू दिलं नाही, पण मला सकाळी उठून कुठं जायचं तेच कळायचं नाही. गावी गेले की रमेशदादाची बायको गरम पाण्यापासून सगळं हातात देते. आपल्या घराच्या जागी त्यांचं सिमेंटचं घर आहे, छान आहे. दुसऱ्या दिवशी मी एस्टीचं टाइमटेबल विचारायला लागते. नोकरीत भरती झाले तेव्हा सर्व्हिस बुकात कायमचा पत्ता गावचा लिहिला होता. तो लिहिताना हात अडखळला नव्हता. तेव्हा वाटायचं, आपण इथं कामापुरते आहोत.

इथं रस्त्यानं जाताना बायका मला थांबवतात. सोबतच्या मिशा फुटलेल्या पोराला पुढं करतात. "सिस्टर, हा तुमच्या हातचा." मला तो आठवत नसतो. मी हो म्हणते.

मागच्या महिन्यात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. लांब रांग, सगळे माझ्यासारखेच गुडघे धरून उभे. माझा नंबर आला तेव्हा मी म्हणाले, कायमचा पत्ता बदलायचाय. तिथल्या मुलानं फॉर्म दिला. जुना पत्ता, नवा पत्ता. नव्यासमोर मी हे घर लिहिलं, गल्लीसकट, लातूर. त्यानं विचारलं, "पुरावा आणलाय का मॅडम?" मी लाइटबिलाची झेरॉक्स दिली. त्यानं शिक्का मारला. त्या दिवशी आमच्या भागात नळाला पाणी यायचं होतं. मी रिक्षा केली आणि घाईनं घरी आले.